जिथे कुणी बोलत नाही

डब्याच्या वेळी आमच्या प्रयोगशाळेत पाण्याविषयी कुणी चकार शब्द काढत नाही. सकाळभर पाण्याचेच नमुने तपासलेले असतात, त्यामुळे टेबलावर विषय एकच, सिनेमा. बातम्या हिशेबनीस आणतात: कुणाचं कुणाशी फाटलं, कुठलं चित्रीकरण अर्ध्यावर बंद पडलं, कुणाला काढून कुणाला घेतलं. नवी आलेली रसायनतज्ज्ञ मुलगी पाहिलेली गोष्ट शेवटासकट सांगून मोकळी होते, म्हणून तिचं नाव ट्रेलर. आणि मत द्यायचं काम माझं.

काही वर्षांपूर्वी माझ्या डोळ्यांचा मधला भाग निकामी झाला. कडेने दिसतं, मध्ये करडा डाग. समोर बसलेल्या माणसाचे कान दिसतात, चेहरा दिसत नाही. सूक्ष्मदर्शक सुटला. अहवाल मी संगणकाकडून वाचून घेऊ लागले. साहेबांनी मला कामावर ठेवून घेतलं, पण तेव्हापासून सगळे माझ्याशी जरा मोठ्याने बोलू लागले, जसं काही माझे कानच गेलेत. सिनेमाच्या गप्पांत मात्र कुणी आवाज चढवत नसे. "मॅडम, तुम्हाला कसा वाटला?" असं सरळ विचारत आणि मी सांगेपर्यंत थांबत. मला तेवढं पुरत होतं.

सिनेमाला मी धाकट्या बहिणीबरोबर जाते. ती शेजारी बसून कानात सांगते. संवाद मला ऐकू येतात, तेव्हा तिने फक्त न बोललेलं सांगायचं, असा आमचा नियम. कोण आलं, कुणी कुणाकडे पाहिलं, कुणाच्या हातात काय आहे. ती लोकांचे कपडे शिवते, त्यामुळे कुणाच्या बाहीची शिवण उसवलीय हेही मला फुकटात कळतं.

त्या सोमवारी हिशेबनीस डबा उघडता उघडताच म्हणाले, "घ्या! घर सोडून गेलेल्या मुलाचा तो सिनेमा होता ना, त्याचा दुसरा भाग येतोय. तोच नट, आईही तीच."

"कशाला?" मी म्हणाले. "गोष्ट संपली की. मुलगा घरी आला, दार उघडंच होतं, आईने मागे न बघता दुसरं ताट मांडलं. त्याच्यापुढे काय दाखवणार? एक शब्द नाही, नुसतं संगीत. असा शेवट क्वचित कुणाला जमतो."

ट्रेलर म्हणाली, "मॅडम, तो घरी कुठे आला? फाटकापर्यंत येतो, खिडकीतून आईला बघतो आणि तसाच परत जातो. आमची अख्खी रांग रडत होती."

"मॅडमनी थेट तिसरा भाग पाहिलेला दिसतोय," हिशेबनीस हसले. बाकीचेही हसले. मग त्यांचं त्यांनाच वाईट वाटलं असावं. "असू दे हो," ते म्हणाले, "अंधारात होतं असं कधी कधी." हे ते मोठ्या आवाजात म्हणाले.

दुपारभर माझं कामात लक्ष लागलं नाही. बहिणीची नजर एकदा चुकली असेल, असं मी मनाला समजावत होते. मोजमाप एकदा चुकलं म्हणून कुणी उपकरण फेकून देत नाही, आधी ते तपासून बघतात. संध्याकाळी मी ट्रेलरला गाठलं आणि म्हटलं, दोन भावांच्या दुकानावरचा नवा सिनेमा मला सांग. त्यातही जिथे कुणी बोलत नाही तेवढंच, पण एकूण एक.

"शेवटसुद्धा?"

"शेवट तर हवाच."

"मॅडम, आजवर सगळे मला गप्प बस म्हणत आलेत," ती म्हणाली आणि दुकानाच्या कुलपापासून सुरुवात केली.

शनिवारी मी बहिणीबरोबर तोच सिनेमा पाहायला गेले. सुरुवातीचं सगळं जुळत गेलं. "मोठा भाऊ कुलूप लावतोय... लागत नाहीये गं," ती कुजबुजली. ट्रेलरनेही हेच सांगितलं होतं. पुढचं जुळलं, त्याच्या पुढचंही जुळलं. सख्ख्या बहिणीची परीक्षा घेत बसलेय याची मला लाज वाटायला लागली.

मग शेवट आला. नुसतं व्हायोलिन. ट्रेलरच्या सांगण्याप्रमाणे मोठा भाऊ दुकानाची पाटी उतरवतो, कचऱ्याच्या गाडीत फेकतो आणि निघून जातो.

बहिणीचा श्वास माझ्या कानाजवळ आला. "पाटी काढली त्याने," ती म्हणाली. तिचा आवाज हळू झाला होता, खूप मऊ. "रुमालाने पुसतोय. आता धाकट्याच्या दाराशी नेऊन ठेवली. वाकडी ठेवली होती... परत सरळ केली."

वाकडी ठेवून परत सरळ केलेली पाटी. अशाच बारकाव्यांसाठी मी त्या टेबलावर दिग्दर्शकांना शाबासकी देत आले होते.

मी मान तिरकी केली आणि डोळ्याच्या कडेने पडद्याकडे पाहिलं. काहीतरी मोठं, काळं, चौकोनी डावीकडून उजवीकडे सरकत गेलं.

"ती गाडी कसली?" मी विचारलं.

"कुठली गाडी?"

"आत्ता गेली ती."

"गाडी नाही गं ताई. सावली असेल. तुला भास झाला."

बाहेर आल्यावर चित्रपटगृहाच्या पायऱ्यांवर मी तिला थांबवलं आणि ट्रेलरने सांगितलेला शेवट ऐकवला. "त्या पोरीचंच काहीतरी चुकलं असेल," ती आधी म्हणाली. मग तिने पर्स या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

"कधीपासून?" मी विचारलं.

"पहिल्यापासून नाही. एकदा माझं लक्ष नव्हतं, वेळ मारून न्यायला काहीतरी सांगितलं. बाहेर आल्यावर तू म्हणालीस, तो प्रसंग काय सुंदर होता गं. तो माझा होता, ताई. घरात मी बोलायला लागले की टीव्हीचा आवाज वाढतो. आणि तू एवढी शिकलेली, श्वास रोखून ऐकतेस."

"मी सिनेमा ऐकत होते."

"नाही. मला ऐकत होतीस."

त्यात तथ्य होतं, म्हणून ते जास्त लागलं. "आणि चार लोकांत जी मतं मी माझी म्हणून दिली?"

"चांगली मतं होती की!"

"माझी नव्हती ना पण. बरं, तेही सोड. गाडी मला दिसली होती. मला स्वतःला. जे काही थोडं दिसतं, त्यालाही तू भास म्हणालीस."

लोक आम्हाला वळसा घालून पायऱ्या उतरत होते. ती म्हणाली, "पुढच्या वेळी पदरचं एक अक्षर घालणार नाही. तुझी शप्पथ."

"ते मला कसं कळणार?"

तिचा खांदा हलताना दिसला. ती रडत होती की पर्समध्ये काही शोधत होती, हे मला ठरवता आलं नाही. विचारावंसंही वाटलं नाही. मी एकटीच रिक्षाने घरी आले.

पुढचा सिनेमा मी एकटीने पाहिला. संवाद थांबले की नुसतं संगीत वाजत राही. शेवटच्या प्रसंगात आजूबाजूच्या लोकांनी एकदम श्वास घेतला. का, ते मला कळलं नाही. मान तिरकी करून पाहिलं, तर एक पांढरा ठिपका दिसला आणि विझला.

सोमवारी हिशेबनीसांनी विचारलं, "काय मॅडम, कसा वाटला?"

"बापाचे संवाद चांगले आहेत. मुलीचा आवाज खोटा वाटतो. शेवटाबद्दल माझं मत नाही, शेवटी कुणी बोलत नाही."

"बरं, बरं," ते म्हणाले आणि कुठल्याशा नटीच्या लग्नाच्या बातमीकडे वळले.

संध्याकाळी बहिणीचा फोन आला. मागे टीव्ही चालू होता.

"ताई, नवा लागलाय. तिकिटं काढू?"

"पाहिला मी."

"कुणाबरोबर?"

"एकटीने."

तिने टीव्ही बंद केला असावा, कारण मागचा आवाज एकदम थांबला.

"मीही काल जाऊन बघून आले," ती म्हणाली. "तुझ्याबरोबर जायच्या आधी. नीट लक्षात ठेवून आलेय सगळं. शेवटी ती मुलगी काय करते ते सांगू? खरं तेच सांगेन."

तो पांढरा ठिपका कसला होता, हे मला फार जाणून घ्यायचं होतं.

"नको," मी म्हणाले.