हळदूचा तक्ता

रंध्याच्या तोंडात अडकलेली ढलपी जगदेवाने खिळ्याच्या टोकाने काढली, रंधा पुन्हा फळीवर टेकवला आणि रेटायच्या ऐवजी तसाच थांबला. फळी हळदूची होती, नुकती उघडलेली, पिवळीधमक. तिच्यावरून त्याला मदनसिंगचं पत्र आठवलं. दिवसातून दोनतीनदा ते त्याला कशावरूनही आठवत असे. मागच्या होळीला आलं होतं. आता ही होळीही झाली आणि उत्तर अजून गेलेलं नव्हतं.

पत्र त्याला पाठ होतं. ‘तुझा हात मी पाहिला आहे. अकोल्यास माझा स्वतःचा कारखाना झाला. वकील लोकांच्या खुर्च्या, मेजं, कपाटं करतो. हाताखाली चार माणसं आहेत, त्यांच्यावर मिस्त्री पाहिजे. वहिनींना घेऊन ये, दोन खोल्या रिकाम्या आहेत. हो-नाही ते कळव.’

वाशीमला कापसाची सरकी काढायच्या जिनाचं बांधकाम चाललं होतं तेव्हा दोघांनी चार महिने एका छपराखाली काम केलं होतं. तेवढ्यावरून मदनसिंगने हे लिहिलं. मिस्त्री हा शब्द वाचला की जगदेवाला अजूनही कोणीतरी मागून हाक मारल्यासारखं व्हायचं आणि तो पत्राची घडी घालून टाकायचा.

“वाढी! माही तिफण कुठीसा हाय?”

दौलतराव आवारात शिरला होता. शिरला म्हणजे वाट काढत आला. पाडवा जवळ आला की रिठद गावची सगळी मोडकी अवजारं जगदेवाच्या निंबाखाली येऊन पडत. वखर, डवरे, नांगर, तुटकी जुवं. भिंतीला टेकवलेली, एकमेकांवर रचलेली. मधोमध बसून काम करणाऱ्याला बाहेर जायचं तर दोनतीन दांड्या उचलाव्या लागत. त्याच्या आज्याच्या काळापासून हे असंच होतं. वाढी म्हणजे गावचा सुतार; गावाची अवजारं त्याने दुरुस्त करायची, आणि खळ्यावर रास झाली की प्रत्येक घरून त्याचं धान्य यायचं.

“हे पाहा, त्या वखराखाली. दोन दिवसांत देतो,” जगदेव म्हणाला.

“अन् हे पिवळं काय करून राह्यला? पाळणा?”

“टेबल. भगवंतराव पाटलाचं. तहसीलदार जमाबंदीले येणार हाय तं त्याच्यासाठी. पाटलानं वाशीमले सायबाच्या बंगल्यावर पाह्यलं. बुटकं असते. काफीचं टेबल म्हणते त्याले.”

“काफी म्हंजे?”

“चहासारखीच असते म्हणते. कडू.”

“मंग पेते कायले?” दौलतरावाने तिफणीचा मोडका फण उचलून पाहिला आणि पुन्हा ठेवला. “पाटलाच्या कडू पाण्यापायी माही पेरणी नको बुडवू बाबा.”

तो गेल्यावर जगदेवाने रंधा रेटला. लांब, अखंड ढलपी वळत वळत बाहेर आली.

पाटलाने सांगितलं होतं तेवढंच की टेबल बुटकं पाहिजे. हळदू आणि शिसम एकत्र करायचं जगदेवाच्याच मनातलं. शिसमाच्या दोन काळ्या पट्ट्या पाटलाच्या जुन्या पलंगाच्या होत्या. हळदूचं खोड पाटलाच्याच मागच्या परसात, पाण्याच्या टाक्याजवळ वर्षभर पडलेलं. शिसमाची काळी चौकट, मधे हळदूचा पिवळा तक्ता. चिखलात जाणाऱ्या वस्तू रात्रंदिवस करणाऱ्या माणसाला हे सुचलं याचंच त्याला नवल वाटत होतं. हे जमलं तर मदनसिंगला काय ते लिहायचं, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं. नाही जमलं तर काय, ते ठरवलं नव्हतं.

जेवायला वाढताना गोजराबाईने विचारलं, “पाटलाचं झालं की मंग कोनाचं?”

“मंग वखर आहेतच की.”

“अन् अकोला?”

त्याने भाकरीचा तुकडा मोडला. मागच्या वर्षी ती महिन्याच्या महिन्याला विचारायची. मग विचारणं सोडलं होतं.

“गाव सोडत नाई, गोजरे.”

“गावानं कवा धरलं तुमाले? गावाले इचारलं तरी का तुमी?” तिने पाण्याचा गडू जरा जोरात ठेवला. “पोरगी आपल्या घरी गेली. चंपत हाय, तुमचाच पुतण्या. अर्धं काम तं आताबी तोच करते. अन् तुमी म्हणता गाव.”

जगदेवाने गडू तोंडाला लावला. त्याला खरं कारण माहीत होतं, पण ते बायकोला सांगण्यासारखं नव्हतं. अकोल्याच्या त्या चार माणसांना पॉलिश येत असेल, खणांचे बारीक सांधे येत असतील. त्यांच्यावर मिस्त्री म्हणून उभं राहायचं आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी एकमेकांकडे पाहून हसायचं. ‘नाही’ लिहावं तर तेही हातून लिहिलं जात नव्हतं. उत्तर गेलं नाही तोवर दोन्ही गोष्टी होत्या तशा राहत होत्या.

टेबल पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी उभं राहिलं. चौकटीच्या आतल्या कडेला त्याने चारी बाजूंनी खाच पाडली, तक्ता तिच्यात बसवला, गरम सरस ओतला आणि वरून बाभळीच्या खुंट्या ठोकल्या. दर वीतभर अंतरावर एक. गावात सांध्याची परीक्षा एकच होती, हलता कामा नये. हलला तर पावसाळ्यात बैलाच्या मागे तो उघडा पडणार आणि वाढ्याचं नाव जाणार. जगदेवाचा सांधा तीस वर्षांत कधी हलला नव्हता. त्याने दोन्ही हातांनी टेबल धरून हिसडलं. दगडासारखं होतं.

भगवंतराव पाहायला आले. उकिडवे बसले, बोट फिरवलं, काळ्यावरून पिवळ्यावर, पिवळ्यावरून काळ्यावर.

“जगदेवा, हे तू केलं?”

“व्हय पाटील.”

“आता तं तुले गावाबाहेर पाऊल नाई टाकू देत म्या.” ते हसले, पण हसून झाल्यावरही त्याच्याकडे पाहत राहिले. “तहसीलदार येते तोवर राहू दे इथंच. माह्या घरी पोट्टे चढतीन त्याच्यावर.”

त्या दिवसापासून लोक टेबल पाहायला येऊ लागले. येताना एखादं मोडकं अवजारही घेऊन येत. आवारात आणखी दाटी झाली.

वैशाखाचं ऊन लागलं. दुपारी निंबाची पानंही हलत नव्हती. एका दुपारी जगदेव ओसरीवर आडवा झाला होता तेव्हा टच् असा आवाज आला, सुकी शेंग फुटावी तसा. त्याने डोळे उघडले. उठला मात्र लगेच नाही. कसला आवाज आहे हे त्याला कळलं होतं.

तक्ता मधोमध उभा तडकला होता. भेगेत नख जात होतं. चौकट जागची हलली नव्हती, एकही खुंटी ढिली झाली नव्हती, सरस कुठे सुटला नव्हता. ओलसर जागी पडून राहिलेलं हळदू वाळून आकसायला लागलं होतं आणि चारी बाजूंनी त्याला धरून ठेवलं होतं. मग ते मधेच फाटलं.

जिनाच्या कचेरीचं दार त्याला आठवलं. मदनसिंगने केलेलं. त्याचा तक्ता चौकटीत बोटाने ढकलला तर खुळखुळायचा. जगदेव त्याला हसला होता, चांगला चारचौघांत हसला होता. मदनसिंगने नुसतं दार उघडून मिटून दाखवलं होतं. दोन उन्हाळ्यांनंतर जगदेवाने पाहिलं तेव्हाही ते दार सरळ होतं.

गोजराबाई येऊन मागे उभी राहिली. भेग पाहिली.

“भेगेत लाख भरून रंग लावला तं?”

“दिसनार नाई,” तो म्हणाला. “पण हाय ते हाय.”

तहसीलदारांचं येणं दोन दिवसांवर आलं होतं. दुसरा तक्ता करायला वेळ नव्हता आणि वाळलेलं लाकूडही नव्हतं. त्याने भेग भरली नाही. टेबल डोक्यावर घेऊन तो पाटलाकडे गेला, बैठकीत ठेवलं आणि भेगेवर स्वतःच बोट ठेवलं.

“पाटील, माही चूक हाय. हे तडकलं. असं करायचं नसते, मले माहीत नव्हतं.”

पाटील रागावतील याची त्याने तयारी केली होती. रागावावेत असंही त्याला कुठेतरी वाटत होतं. हा आपल्या कामाचा नाही, असं एकदा कोणी तोंडावर म्हणालं असतं तर पुढचं सोपं होतं.

भगवंतरावांनी वाकून पाहिलं. मग आत हाक मारली, “अवं, तो भरतकामाचा रुमाल आण.”

पाटलीण कस्तुराबाई चौकोनी पांढरा रुमाल घेऊन आल्या. चारी कोपऱ्यांवर हिरवे पोपट होते. त्यांनी तो तक्त्यावर पसरला, हाताने सारखा केला. भेग गेली. हळदूही गेलं. कडेची बोटभर काळी चौकट तेवढी उरली.

“झालं,” पाटील म्हणाले. “कोन पाह्यते?”

“पण पाटील, आतून...”

“अरे, चालते! टेबल उभं हाय ना? कप पडनार नाई ना? मंग?” त्यांनी त्याच्या खांद्यावर थाप मारली. “लय मनावर घेते बावा तू.”

तहसीलदार आले, कप ठेवले गेले. पोपट छान आहेत असं ते म्हणाले. पाटलांनी सगळ्यांसमोर जगदेवाला बोलावून त्याच्या डोक्याला नवा फेटा बांधवला. “आमच्या गावचा कारागीर. तालुक्यात असा हात नाई.” बैठकीतले लोक माना हलवत होते. दौलतरावही होता. फेटा कानांवर घट्ट बसला होता आणि जगदेवाला कोणाचं बोलणं नीट ऐकू येत नव्हतं. तो रुमालाकडे पाहत होता. या बैठकीत आपल्याला कधीच कोणी हसणार नाही, हे त्याच्या ध्यानात आलं. इथे त्याने काहीही केलं तरी त्याच्यावर पांघरायला कुणाकडे तरी काहीतरी निघेल. आणखी वीस वर्षं. हात चालेल तोवर.

घरी येऊन त्याने फेटा खुंटीला लावला आणि पेटीतून कागद काढला. चौथी शिकलेला माणूस, अक्षर मोठं आणि वाकडं. दुसऱ्या दिवशी सकाळपासून दुपारपर्यंत एवढंच झालं:

‘रा. रा. मदनसिंग यांस रिठदहून जगदेवचा रामराम. वर्षभर उत्तर दिलं नाही त्याचं कारण भीती, दुसरं काही नाही. मी हळदू-शिसमाचं टेबल केलं. तक्ता चौकटीत सरसाने आणि खुंट्यांनी बसवला. तो तडकला. तुझ्या हाताखालच्या माणसांना हे ठाऊक असेल, मला नव्हतं. मला मिस्त्री करू नकोस. त्यांच्या हाताखाली ठेव. गावाची अवजारं पुरी करून रोहिणी लागली की निघतो. नको असेन तर कळव. काही कळवलं नाहीस तर येतो असं समज.’

शेवटचं वाक्य त्याने दोनदा वाचलं. ते खोडावं असं वाटलं. खोडलं नाही.

कार्ड असतं तर शाळेतल्या टपालाच्या पेटीत टाकताच गुरुजींनी वाचलं असतं आणि संध्याकाळपर्यंत गावाने. म्हणून त्याने पाकीट केलं होतं आणि बाजाराच्या दिवशी तो गोजराबाईबरोबर रिसोडला गेला. ती त्याला मधेच सोडून एका दुकानापुढे थांबली. तो वळून आला तेव्हा ती सुंभाचा दोर हाताने मोजत होती, एक हात, दोन हात, आठ हात.

“दोर कायले?”

“तुमची हत्याराची पेटी कायनं बांधता मंग?”

“मी तं अजून टाकलंच नाई.”

“म्हनूनच तं घेतला,” ती दुकानदाराकडे पाहत म्हणाली. “बारा हात कर गा.”

डाकघराच्या भिंतीला लाल पेटी होती. उन्हाने तापलेली. जगदेवाने पाकीट पेटीच्या तोंडात अर्धं सरकवलं. ते तिथे अडून राहिलं, अर्धं आत, अर्धं त्याच्या बोटांत. मागे कोणीतरी कार्ड घेऊन उभं होतं आणि खाकरत होतं.

“टाकता का बाबा, की बाजूला होता?”

“टाकतो,” जगदेव म्हणाला, आणि बोटं उघडली.