सातवे कडवे

दिनांक एक मे दोन हजार पंचवीस, सकाळी साडेआठ. स्थळ : मौजे बोरझिरे, तालुका धरणगाव, ग्रामपंचायत कार्यालयापुढील मांडव. ग्रामसेवक नवल यांनी ग्रामसभेच्या इतिवृत्ताच्या वहीत एवढे लिहून पुरे केले न केले, तोच अभिमन नाना काठी टेकून उभे राहिले.

“माझा विरोध आहे.”

“नाना, आधी ठराव तर वाचू द्या,” सरपंच लताबाई म्हणाल्या.

“मी घरी वाचून आलो आहे.”

“नाना उठनात, आते दुपार व्हई,” मागून लोटन म्हणाला आणि मांडवात हशा पिकला.

ठराव शाळेतल्या मेघा मॅडमनी मांडला होता : सोळा वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाते उघडण्यास मनाई करणारा कायदा शासनाने करावा. ठरावाच्या कागदावर सूचक म्हणून त्यांचे नाव होते. अनुमोदकाची जागा कोरी होती.

बत्तीस वर्षे मराठी शिकवलेल्या नानांना वाद अर्ध्यावर सोडणे ठाऊक नव्हते. मुलांची खाती नसती, ते म्हणाले, तर सुंदरबाईचे गाणे तिच्याबरोबरच गेले असते. गेल्या श्रावणात घरी बसवलेल्या कानबाई देवीपुढे बसून त्यांच्या पत्नीने, सुंदरबाईंनी, ते म्हटले. चौदा वर्षांच्या नातीने, भूमिकाने, फोनवर टिपून आपल्या खात्यावर टाकले. कार्तिकात सुंदरबाई गेल्या. कानबाईला निरोप देणाऱ्या त्या गाण्याची कडवी सात. सुंदरबाईंना सहाच आठवली होती. सातव्यापाशी अडून त्या हसल्या, दात नसलेल्या तोंडावर त्यांनी पदर धरला आणि नात त्यांना बिलगली. गाणे तिथेच संपत होते.

तेव्हापासून रोज दुपारी जेवणे झाली, की भूमिका ओसरीवर येऊन ते गाणे लावी आणि खाली लोकांनी लिहिलेले वाचून दाखवी. नाना डोळे मिटून ऐकत. पोटासाठी सुरतेला गेलेली खान्देशी माणसे लिहीत. कुणाला आई आठवे, कुणाला कानबाईच्या नैवेद्याच्या रोटांसाठी दळलेल्या गव्हाचा वास. सातवे कडवेही कुणीतरी एक दिवस पाठवील, अशी नानांची खात्री होती.

“शासनाने यात हात घातला, तर हे सारे बंद पडेल. पुरावा देतो. भूमी, फोन दे नवलभाऊंना.”

बायकांमध्ये बसलेली भूमिका हलली नाही.

“नाना, राहू द्या ना.”

“दे म्हटलं ना!”

तिने फोन दिला. नवल मोठ्याने वाचू लागले.

“‘मनी माय बी हाईच गाणं म्हने. डोयामा पानी उनं.’”

“ऐका,” नाना सभेला म्हणाले.

नवलांचा अंगठा सरकला आणि थांबला. त्यांनी आणखी खाली पाहिले.

“पुढे वाचा.”

“नको, नाना.”

“अर्धा पुरावा मी कधी दिलेला नाही. वाचा.”

नवल उठले आणि त्यांनी फोन नानांच्या हातात दिला.

नानांनी चष्मा सारखा केला. आजीच्या बोळक्या तोंडावरून टवाळीच्या दोन ओळी होत्या. बाकीच्या घाणेरड्या ओळी भूमिकावरून होत्या, तिच्या रंगावरून, अंगावरून. लिहिणाऱ्यांपैकी काहींची आडनावे त्यांच्या हजेरीपटावर कधीकाळी येऊन गेली होती. शेवटची ओळ कालचीच होती.

“हे तू मला कधी वाचून दाखवलं नाहीस.”

“पुसलं तर पुन्हा लिहितात.”

“मग बंद का नाही केलंस?”

भूमिका ओढणीचे टोक बोटाभोवती गुंडाळत राहिली.

“सातवं कडवं यायचं आहे ना, नाना.”

मघा थट्टा करणाऱ्या लोटननेही मान खाली घातली. नानांनी फोन नातीच्या ओंजळीत ठेवला. मग ते काठी टेकत टेबलापाशी गेले, नवलांचे पेन उचलले आणि फळ्यावर लिहीत तशा वळणदार अक्षरांत अनुमोदकाच्या कोऱ्या जागेवर आपले पूर्ण नाव लिहिले.

लताबाईंनी ठरावाचा कागद जवळ ओढून पाहिला.

“ठराव मंजूर,” त्या म्हणाल्या.