पट्टीवरची माय

कोकिळाने खुरप्याचं टोक शेंदरात रोवलं आणि तिचा हात तिथेच थांबला. पहिला टवका उडून पदरावर पडला होता, वरून काळपट, आतून लालभडक. तो तिने उचलून फडक्यात ठेवला. देवीच्या अंगावरून काढायचं म्हणजे फेकून द्यायचं नसतं, एवढं तिला कोणी शिकवायला नको होतं.

"मामी, हळू. आत लोखंड हाय," वर्षाली म्हणाली.

वर्षाली तिच्या नणंदेची मुलगी. आर्वीच्या कॉलेजात इतिहास शिकवायची आणि गावाबाहेरच्या या धावपट्टीपायी नागपूरच्या कचेऱ्यांचे उंबरे झिजवायची. दुसऱ्या महायुद्धात गोऱ्यांनी इथे विमानं उतरवायला पट्टी बांधली. युद्ध संपलं, विमानं गेली आणि पट्टी गावाच्या वाट्याला आली. तिच्यावर तूर वाळली, सोयाबीन वाळलं, पोरं मोटारसायकल शिकली. आता एका ठेकेदाराला तिचं काँक्रीट फोडून रस्त्याच्या भरावात घालायचं होतं, आणि पंचायतीची त्याला ना नव्हती. नागपूरचे साहेब म्हणाले होते, त्या काळातली एक तरी वस्तू जागेवर शाबूत दाखवा, मग पट्टीची वारसा म्हणून नोंद करू.

शाबूत काय असणार? वादळवाऱ्यात उलटू नये म्हणून विमान बांधायला जमिनीत लोखंडी कड्या गाडलेल्या असत, दावणीला बैल बांधावा तसं विमान तिथे बांधत. त्या कड्या भंगारवाल्यांनी कधीच उपटून नेल्या होत्या. वर्षालीने कुठूनसं धातू शोधायचं यंत्र आणलं. ते सगळी पट्टी मुकाट फिरलं आणि किंचाळलं ते नेमकं पट्टीवरच्या मायेजवळ, त्या शेंदराच्या उंचवट्याजवळ. आषाढातल्या आखाडीला सगळं गाव जिला दहीभात दाखवतं, त्या मायेच्या पोटात कडी होती.

ग्रामसभेत बरीच हमरीतुमरी झाली. शेवटी ठरलं की ज्या घरचा शेंदूर, त्याच घरच्या हाताने तो निघावा. मायेला शेंदूर लिंपायचा मान कोकिळाच्या घरचा. खरं तर तो हात तिच्या सासूचा, धुरपताबाईंचा होता. त्यांची नजर गेल्यापासून कोकिळा त्यांचं मनगट धरायची इतकंच, बोटं त्यांचीच असायची. पण सभेला त्यांना कोणी बोलावलं नाही. म्हातारीच्या जिवाला लागेल, असं सगळ्यांचं एकमत झालं. एखाद्याच्या जिवाला लागू नये म्हणून त्यालाच न विचारण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. कोकिळाही सकाळी सासूला कापूस वेचणीला जाते म्हणून सांगून निघाली होती.

थरामागून थर निघत गेले. दुपारी साहेबांची गाडी आली तेव्हा कडी उघडी पडली होती, जाडजूड, गंजलेली, काँक्रीटमध्ये घट्ट रुतलेली. साहेबांनी गुडघे टेकून फोटो काढले. वर्षालीच्या डोळ्यांत पाणी आलं. कोकिळा मात्र खुरपं हातात धरून नुसती बघत राहिली. तिला वाटलं होतं, निदान डोळे तरी असतील.

"फारच छान," साहेब उठत म्हणाले. "आता याला काही लावायचं नाही. तेल नाही, शेंदूर नाही."

"आखाडीले?"

"कधीच नाही, बाई. नाहीतर नोंद करून उपयोग काय?"

कोकिळाने वर्षालीकडे पाहिलं. वर्षाली वाकून पिशवी आवरू लागली.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा धुरपताबाई ओट्यावर बसल्या होत्या.

"झाली काय वं वेचणी?"

"झाली, आत्याबाई."

"शेंदराचा वास येऊन राह्यला."

"मारुतीच्या पारावरून आली ना मी."

कोकिळाने राखेने हात घासले, साबणाने घासले, पण नखांच्या कडा तांबड्या त्या तांबड्याच राहिल्या.

पट्टी वाचली. ठेकेदार दुसरीकडे गेला. कडीभोवती लोखंडी पाइपांचं कुंपण बसलं आणि निळी पाटी लागली. ओसाड माळावर युद्धकाळात उभारलेली धावपट्टी, असं पाटीवर लिहिलं होतं. वर्षालीला शाल-नारळ मिळाला. गाव खुशीत होतं, आणि कोकिळाचा जीव थाऱ्यावर नव्हता. कधी वरणात मीठ दोनदा पडे, कधी पडतच नसे. शेतात जाता-येता तिचे पाय आपोआप कुंपणाकडे वळत. पट्टी फुटली असती तर मायही गेली असती, हे तिला कळत होतं. पण वाचलेल्या पट्टीवर तरी माय कुठे होती? आखाडी जवळ येत होती. त्या दिवशी सासूची बोटं गंजक्या लोखंडावर नेऊन ठेवायची आणि वर सांगायचं की हात लावू नका, हे तिच्याने होणार नव्हतं.

एके सकाळी ती नाल्यातून एक गोटा घेऊन आली. कुंपणापासून जरा दूर, बांधावरच्या कडुनिंबाखाली तो तिने रोवला. फडक्यात जपून ठेवलेले टवके पाट्यावर वाटले, तेलात कालवले आणि दगडावर लिंपले. एक हात वाळला की दुसरा, मग तिसरा, असं करत शेंदूर बोटांना जाड लागेपर्यंत ती जात राहिली. वर्षालीने एकदा तिला तिथे पाहिलं. दुसऱ्या दिवशी वर्षालीने आर्वीहून शेंदराची नवी पुडी आणून मुकाट्याने तिच्या हातात दिली.

आखाडीच्या दिवशी कोकिळा सासूला हाताला धरून निघाली. डोक्यावर दहीभाताची टोपली, कमरेला नारळाची पिशवी. बाकीच्या बायका उन्हं कलल्यावर येणार होत्या. तिने मुद्दाम बांधाबांधाने वाट धरली. धुरपताबाई नेहमीप्रमाणे अनवाणी होत्या. त्या चालता चालता मध्येच थबकल्या, मग पुन्हा निघाल्या.

निंबाखाली कोकिळाने त्यांना बसवलं आणि मनगट धरून बोटं दगडावर ठेवली. ती बोटं बराच वेळ फिरत राहिली. मग त्यांनी एक बोट नाकाशी नेलं.

"शेंदूर तं माह्याच हातचा हाय," त्या म्हणाल्या.

कोकिळाने श्वास सोडला.

"पण पायाले सिमेट नाई लागलं."

कोकिळाने त्यांचं मनगट सोडलं.

"काऊन हलोली वं तिले?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. कोकिळाने सगळं सांगितलं, ठेकेदाराचं, सभेचं, साहेबांचं, खुरप्याचं. धुरपताबाई दगडावरचा हात न काढता ऐकत राहिल्या.

"अन् आत कडीच निघाली असन."

"तुमाले माहीत होतं?"

"माही सासू सांगे मले. इथी गाव होतं आपलं. गोऱ्याईनं पट्टीसाठी उठोलं. मायचं ठाणं सिमेटाखाली दबलं. मंग ते कुठी बसन? बायकाईले थे कडी दिसली, तिच्यावर बसोली." त्या थांबल्या. "तवाबी कोणी इचारलं नवतं. ना गावाले, ना मायले."

पट्टीवर कुठेतरी मोटारसायकल गेली. निळी पाटी इथूनही दिसत होती, पण अक्षरं लागत नव्हती.

"चुकलं माहं, आत्याबाई."

"मले काय सांगतं? मायले इचार, इथी बरं हाय का म्हून."

कोकिळाने टोपली खाली ठेवली, पदर डोक्यावर घेतला आणि दगडासमोर बसली. एवढ्या वर्षांत तिने मायेकडे पाऊस मागितला होता, लेकरं मागितली होती, पण मायेला तिचं स्वतःचं कधी काही विचारलं नव्हतं. शब्द जुळेनात. शेवटी ती ओठांतल्या ओठांत पुटपुटली.

धुरपताबाईंनी चाचपडत तिचा खांदा शोधला.

"मोठ्यानं इचार," त्या म्हणाल्या. "मलेबी आयकू दे."