हाकेला हो

शिरीन मॅडमनी दुपट्ट्याची गाठ करकचून आवळली आणि सीताच्या डोळ्यांसमोर दोन बोटं नाचवून पाहिली.

"किती बोटं?"

"दिसत नाई."

"शाब्बास. आता निशा तुला बोलावेल. आवाजाकडे चालत जायचं, बस."

निशा मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, हातपंपाजवळ उभी होती. ती बोलावेल याची मॅडमना स्वतःलाच खात्री नव्हती. बाकीच्या जोड्यांचा खेळ नुकताच उरकला होता. सगळ्या जणींनी एकदम बोंबा मारल्यामुळे एक पोरगी थेट मुख्याध्यापक गुणवंतरावांच्या मोटरसायकलला जाऊन भिडली होती, आणि त्याचं हसू अजून ओसरलं नव्हतं.

'सोबतीण गट' हा मॅडमचा उद्योग. जंगलातल्या टोल्यांवर, म्हणजे लहान वस्त्यांवर, शाळा चौथीला संपते. पाचवीत मुली या रस्त्यावरच्या मोठ्या गावात येतात आणि दिवाळीपर्यंत त्यातल्या कितीतरी घरी बसतात. त्यांना कुणी हाकलत नाही. कुणी विचारत नाही, एवढंच. म्हणून मॅडमनी पाचवीच्या प्रत्येक मुलीला आठवीची एक सोबतीण दिली. तिच्यासोबत यायचं, शेजारी बसून खिचडी खायची, अपूर्णांक अडला तर सांगायचा, आणि शनिवारी शाळा सुटली की सगळ्यांनी जमायचं. "मॅडम, हे नवीन लफडं कशाले?" असं गुणवंतराव म्हणाले होते. पहिल्या शनिवारी ज्या आल्या, त्यातल्या अर्ध्या उरलेल्या खिचडीसाठी थांबल्या होत्या. पण गट तगला. घरी थोरल्या बहिणीला म्हणतात तसं लहान्या मोठ्यांना 'बाई' म्हणू लागल्या आणि मोठ्या उगाच भाव खाऊ लागल्या.

निशा भाव खात नव्हती. जोडी दिली तेव्हा तिने नाही म्हटलं नाही आणि हो पण म्हटलं नाही. सीता तिच्याच टोल्यावरची. पोरांच्या घोळक्यात दोघी जंगलवाटेने येत, निशा पुढे, सीता मागे. अपूर्णांक निशा वहीत सोडवून दाखवी आणि वही पुढे सरकवी. तोंडातून शब्द निघत नसे.

मागल्या उन्हाळ्यात मोहफुलं वेचताना निशाच्या आईला, अंजनाबाईला, वाघाने नेलं. निशा सोबत होती, काही झाडं सोडून पलीकडे. टोल्यावरच्या बायका ऊर फुटेस्तोवर रडल्या. निशाला रडू आलं नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. मांडी घालून फार वेळ बसलं की पाय बधिर होतो, तशी ती सगळीच बधिर झाली होती. ताट समोर आलं की जेवायची, पण काय खाल्लं ते तिला सांगता आलं नसतं. हजेरीला नुसता हात वर करायची. आता मोह पुन्हा गळायला लागणार होता, आणि त्याचंही तिला काही वाटत नव्हतं.

आज सकाळीच मॅडमनी तिला बाजूला घेतलं होतं.

"निशा बेटा, मी रागावत नाही. पण सीता लहान आहे, तिला बोलणारं कुणी पाहिजे. आजही तुला जमलं नाही तर सोमवारपासून तिला रीनासोबत देऊ?"

निशाने खांदे उडवले होते. मग वर्गात जाऊन ती कंपासपेटी उघडत आणि मिटत बसली, "बस कर ना वं आता," असं शेजारी बसणारी रीना म्हणेपर्यंत.

आता हातपंपाजवळ तिचे ओठ उघडले आणि मिटले.

"बोलाव ना वं!" रीना म्हणाली. थोडी थांबली आणि मग स्वतःच ओरडली, "सीता! इकडं ये, सीता!"

सीता जागची हलली नाही. मॅडम हातपंपापर्यंत चालत आल्या आणि त्यांनीही नाव घेऊन बोलावलं. सीता ढिम्म.

"काऊन नाई येऊन राह्यली वं?" रीना वैतागली.

"नाव घेऊन बलावलं त नाई येत मी," सीता बांधल्या डोळ्यांनीच, जरा रागाने म्हणाली. "दिसत नाई तिथून कोनी नाव घेतलं त जायाचं नाई. धुरपता आजी म्हनते. कोन बलावून राह्यलं, काय मालूम!"

पोरी खिदळल्या. हा खेळ मॅडम प्रशिक्षणात शिकून आल्या होत्या. तिथे असलं काही कुणी सांगितलं नव्हतं.

"मग तुमच्या टोल्यावर कशी हाक मारतात?"

"निशाबाईले मालूम आहे," सीता म्हणाली.

सगळ्या निशाकडे पाहू लागल्या. निशाने पंपाचा दांडा धरला. लोखंड उन्हाने तापलं होतं. तिला ते जाणवलं, आणि जाणवलं याचं नवल वाटलं.

तिला माहीत होतं. वेचताना मान खाली असते, झुडपांआड शेजारचं माणूस दिसत नाही. म्हणून अधूनमधून हाक द्यायची, नाव न घेता. तिकडून 'हो' आलं की पुन्हा मान खाली. त्या सकाळी तिने आईला हाक दिली आणि 'हो' आलं नाही. माणसं धावत येईपर्यंत ती हाक देतच होती. त्यानंतर तिने कुणालाच हाक मारली नव्हती. पुन्हा काही आलं नाही तर, याची तिला भीती वाटत होती. इतक्या दिवसांपासून, की ती भीती आहे हेही ती विसरून गेली होती.

त्या टोकाला सीता हात लोंबते सोडून उभी होती. मान किंचित वाकडी, कान इकडे.

"कूऽऽ."

आवाज चिरका निघाला आणि अर्ध्यावर फाटला. कुणीतरी फिस्सकन हसलं आणि गप्प झालं.

"हो," सीता म्हणाली.

निशाच्या हातातून दांडा सुटला.

"कूऽऽ."

"हो."

"मंग आता तरी ये ना वं!" रीना ओरडली.

"यायाले नाई बलावत तसं," सीता तिथूनच म्हणाली. "आहे का नाई, थे इचारतेत."

मॅडमनी शिट्टी तोंडाशी नेली होती, ती खाली घेतली. गुणवंतराव दाराला कुलूप घालायला आले आणि घड्याळ दाखवू लागले. मॅडमनी त्यांना हातानेच थांबवलं.

निशाने पुन्हा हाक दिली. या वेळी आवाज सरळ गेला, आणि 'हो' आलं. ती पुन्हा हाक देत राहिली. सीता कंटाळली, एका पायावरचा भार तिने दुसऱ्या पायावर टाकला, दुपट्ट्याखाली नाक खाजवलं. पण दर हाकेला ती हो म्हणाली.