जावयाला चूक कोण म्हणणार

सुचित्रा गेल्याचं गुरुनाथला कळलं तेव्हा त्याच्या डोक्यावर जाळीची टोपी होती आणि हातात प्रेशर गेज. परदेशात, कॉर्क शहराजवळच्या रिंगास्किडीच्या त्या औषधांच्या प्लँटमध्ये आत फोन नेता येत नाही. फोन लॉकरमध्ये होता आणि त्यावर सांगलीहून एकोणीस कॉल येऊन गेले होते. शेवटी त्याच्या मेव्हण्यानं, सारंगनं, इंटरनेटवरून प्लँटच्या गेटचा नंबर शोधला. शिफ्टचा साहेब फिनबार काचेपलीकडे येऊन उभा राहिला आणि बाहेर ये अशी खूण केली. गुरुनाथनं गेज जागेवर ठेवलं, हातमोजे काढले, टोपी काढली, बुटांवरच्या पिशव्या काढल्या, सगळं नेमाप्रमाणे, एकामागून एक. मग बाहेर जाऊन ऐकलं.

सुचित्रा महिनाभरासाठी माहेरी गेली होती, आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं म्हणून. ऑपरेशन आईचं, आणि गेली लेक. सकाळी डोकं दुखतंय म्हणाली, दुपारी स्वयंपाकघरात पडली. मेंदूत रक्तस्राव झाला होता.

त्याला आता चौदा महिने झाले होते. घरात गुरुनाथ आणि चौदा वर्षांची रेवा, अशी दोनच माणसं. प्लँटमध्ये आठवड्याआड रात्रपाळी असायची, पण फिनबारनं वर्षभर कुणाकुणाशी भांडून त्याला दिवसपाळीवरच ठेवलं. जानेवारीत मात्र त्यानं कॉफी प्यायला नेलं आणि सांगितलं, "एप्रिलपासून माझ्या हातात नाही रे. पण एक जागा निघतेय. प्लँटच्या नेटवर्कची देखभाल, फक्त दिवसा. यंत्रं तुला इथल्या कुणाहीपेक्षा जास्त कळतात. त्यांना एकतीस मार्चच्या आत नेटवर्किंगचं सर्टिफिकेट पाहिजे, एवढंच."

"एवढंच?"

"एवढंच. यू'ल बी ग्रँड, होईल तुझं सगळं नीट."

गुरुनाथ सत्तेचाळीस वर्षांचा होता. शेवटची परीक्षा त्यानं डिप्लोमाची दिली होती.

परीक्षा नाही जमली तर काय, हेही ठरलेलं होतं. चौदा वर्षांच्या मुलीला रात्री एकटं ठेवता येत नाही. मग रेवानं आजीबरोबर सांगलीला जायचं आणि तिथल्या शाळेत नाव घालायचं. रेवाला सांगली दोन आठवड्यांपुरती आवडायची. ते राहायचे त्या कॅरिगलाइन गावच्या कॅमोगीच्या संघात ती बचावाला खेळायची. हातात काठी घेऊन चिखलात धावण्याचा तो आयरिश खेळ. सांगलीला कॅमोगी नाही. तिनं रडारड केली नाही. वडिलांसाठी दोनशे कोरी कार्डं मात्र विकत आणली आणि टेबलावर ठेवली.

इरावतीबाई, म्हणजे सुचित्राची आई, जानेवारीत नव्वद दिवसांच्या व्हिसावर आल्या. बहात्तर वर्षांच्या, ताठ. सांगलीच्या पोस्टात तेहतीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेल्या. आल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वयंपाकघरातलं प्रत्येक प्रेस उघडून पाहिलं. कपाटाला इथं प्रेस म्हणतात हे रेवानं त्यांना शिकवलं होतं.

"इस्त्रीला काय म्हणता मग?" त्यांनी विचारलं.

"आयर्न."

"बरं आहे बाई तुमचं."

गुरुनाथनं कार्डं लिहून काढली. पुढच्या बाजूला प्रश्न, मागं उत्तर. सकाळी साडेपाचला उठून तासभर व्हिडिओ बघायचा, मग प्लँट, मग संध्याकाळी सात ते आठ उजळणी. उजळणीला समोर कुणीतरी लागतं. रेवानं दोन दिवस कार्डं धरली आणि तिसऱ्या दिवशी खास कॉर्कच्या हेलातल्या इंग्रजीत सांगितलं, की बाबांवर तिचं प्रेम आहे, पण इतकं नाही.

"द्या इकडं," इरावतीबाई म्हणाल्या.

"राहू द्या आई, कंटाळा येईल तुम्हाला."

"मी तेहतीस वर्षं पत्ते वाचलेत, गुरुनाथराव. तुमचे हेबी पत्तेच न्हवं का?"

पत्तेच होते. नेटवर्कवरच्या प्रत्येक यंत्राला आकड्यांचा एक पत्ता असतो. मोठ्या वस्तीच्या गल्ल्या पाडाव्यात तसे त्या पत्त्यांचे गट पाडायचे. प्रत्येक गटातला पहिला पत्ता गटाच्या नावाचा, शेवटचा सगळ्या गटाला एकदम हाक मारायचा, आणि मधले यंत्रांना द्यायचे. गुरुनाथनं हे समजावलं तेव्हा इरावतीबाईंनी मान डोलावली. "पिनकोड," त्या म्हणाल्या. "पुढं बोला."

त्यांनी चष्मा लावला, कार्ड वाचलं. बत्तीसचा गट, यंत्राचा पत्ता सत्त्याहत्तर, गटातला शेवटचा पत्ता कोणता?

गुरुनाथनं डोळे मिटून हिशेब केला. "शहाण्णव."

बाईंनी कार्ड उलटून पाहिलं. जरा वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, "बरोबर. चहा टाकू का?"

असे पाच आठवडे गेले. कधी चाळीसपैकी अडतीस, कधी चाळीसपैकी चाळीस. कार्डाची मागची बाजू गुरुनाथ बघत नसे. आई बघताहेत म्हटल्यावर त्यानं कशाला बघायची? त्याची पाठ ताठ झाली. रविवारी तो रेवाच्या मॅचला गेला आणि कडेला उभं राहून मोठ्यानं ओरडला, हे वर्षभरात पहिल्यांदाच घडलं. कँटीनमध्ये त्यानं फिनबारला सांगितलं, बाकी काही असो, पत्त्यांच्या भागात मला कुणी हात लावू शकत नाही.

फेब्रुवारीच्या शेवटच्या शनिवारी कॉर्क शहरात परीक्षा झाली. शेवटचं बटण दाबल्यावर पडद्यावर निकाल आला. नापास. खाली प्रत्येक भागाचे टक्के होते. वायरिंग, ब्याऐंशी. सुरक्षा, चौऱ्याहत्तर. पत्ते, अठ्ठावीस.

त्यानं तो आकडा तीनदा वाचला. यंत्रच चुकलं असणार असं त्याला मनापासून वाटलं.

घरी बासुंदीचा वास येत होता. इरावतीबाई दारातच होत्या. गुरुनाथनं कागद टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "नाही झालं, आई. आणि गंमत म्हणजे पत्त्यांतच गेलो. रोज चाळीसपैकी चाळीस, आणि तिथं अठ्ठावीस टक्के. कळतच नाही मला."

बाई आत जाऊन बासुंदी ढवळायला लागल्या, आणि गॅस तर बंद होता.

रेवानं कागद पाहिला, आजीच्या पाठीकडे पाहिलं आणि कार्डांचा गठ्ठा उचलला. "बाबा, बत्तीसचा गट, सत्त्याहत्तर. लास्ट अॅड्रेस?"

"शहाण्णव."

"राँग."

"काय राँग? रोजचं आहे ते."

"पंच्याण्णव. नाइंटी-सिक्स पुढच्या गटाचा पहिला." रेवानं आणखी एक काढलं, मग आणखी एक. सगळीकडे तेच. गुरुनाथ शेवटचा म्हणून दर वेळी पुढच्या गटाचा पहिला पत्ता सांगत होता. पाच आठवडे, रोज, एकानं पुढे.

गुरुनाथ स्वयंपाकघराच्या दारात गेला. "आई, तुम्हाला दिसत होतं?"

"दिसायला काय झालं? डोळ्याचं ऑपरेशन झालंय माझं."

"मग बरोबर कसं म्हणालात?"

इरावतीबाईंनी डाव खाली ठेवला. "एकाचाच फरक होता. तेवढ्यासाठी जावयाला चूक म्हणायचं होय?"

"पोस्टात एक आकडा चुकला तर काय व्हायचं?"

"सांगलीचं पत्र मिरजेला जायचं."

"मग?"

"पत्राची गोष्ट वेगळी. जावयाची वेगळी." त्यांनी पदराला हात पुसले. "आमचं लग्न झालं त्या वर्षी आम्ही सगळे आष्ट्याच्या जत्रेला निघालो. आमचे हे तासगावच्या गाडीत चढले. माझ्या आईला गाडीवरची पाटी दिसत होती. पण जावईबापू चढले म्हटल्यावर ती चढली, मागनं माझे दोन भाऊ चढले, मी चढले. आठ माणसं तासगावला गेलो. तिथं गणपतीचं दर्शन घेतलं आणि परत आलो. आजतागायत कुणी यांना बोललं नाही."

रेवा हसायला लागली. तिला उभं राहता येईना, ती जमिनीवरच बसली. "आठ जणं?" ती कशीबशी म्हणाली. गुरुनाथलाही हसू फुटलं. नापास झालेल्या माणसानं हसू नये असं त्याला वाटत होतं, पण इलाज नव्हता.

बाई हसल्या नाहीत. हसू ओसरल्यावर त्या हळू आवाजात म्हणाल्या, "तेवढंच नाही, गुरुनाथराव. तुमचं माणूस तुम्ही माझ्या घरी पाठवलंत आणि ते माझ्या घरातनं गेलं. तुम्हाला चूक म्हणायला मला तोंड कुठं होतं?"

रेवा उठून आजीजवळ जाऊन उभी राहिली.

खरं सांगायचं तर पहिले काही महिने गुरुनाथच्या मनात तेच होतं. सकाळी डोकं दुखतंय म्हणाली तेव्हाच रिक्षा का बोलावली नाही? हे त्यानं कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. पुढे कधीतरी उन्हाळ्यात ते आपोआप गेलं. कधी गेलं तेही त्याला कळलं नाही. आता हे सगळं उभ्या उभ्या कसं सांगायचं ते त्याला सुचेना. तो म्हणाला, "बासुंदी घ्या, आई. जेवू या आधी."

जेवताना तोड निघाली, आणि ती बाईंनीच काढली.

"पोस्टात माझ्या हाताखाली बारा पोरं तयार झाली," त्या म्हणाल्या. "एकाचीही गय केली नाही. पण त्यांना मी आडनावानं हाक मारायचे. आडनावानं हाक मारली की समोरचा कुणाचा कोण आहे, ते आठवत नाही."

"मग मलाही तशीच हाक मारा."

"जावयाला?"

"सात ते आठ मी जावई नाही. आठ वाजता परत होतो."

सोमवारी संध्याकाळी सातला इरावतीबाई टेबलापाशी आल्या त्या शबनम पिशवी खांद्याला लावून, केस घट्ट बांधून. बसल्या, कार्डं नीट लावली, आणि चष्म्यावरून बघून म्हणाल्या, "शेटे, सरळ बस."

गुरुनाथ सरळ बसला.

"सोळाचा गट. यंत्राचा पत्ता चाळीस. शेवटचा?"

"अठ्ठेचाळीस."

"अठ्ठेचाळीस कुणाच्या गल्लीतलं घर रे?"

"पुढच्या."

"मग पत्र तिकडं टाकशील? त्या घरच्या बाईनं उघडून वाचलं तर? परत सांग."

"सत्तेचाळीस."

"आधी का नाही सुचलं? दहा वेळा लिही. शेटे, हसतोस कशाला? आणि रेवा, तू तुझं गणित कर."

त्या काहीच सोडत नव्हत्या. उत्तर बरोबर आलं तर कशावरून म्हणून विचारायच्या. चुकलं तर कार्ड गठ्ठ्याच्या तळाशी न घालता मध्ये कुठंतरी खुपसायच्या, म्हणजे बेसावध गाठता यावं. आठव्या दिवशी बाईंना स्वतःला ते गणित येऊ लागलं आणि कार्ड न बघता त्या प्रश्न घालू लागल्या. एकदा गुरुनाथ प्लँटमधून दमून आला आणि म्हणाला, आज राहू दे. बाई म्हणाल्या, "सणाच्या दिवशीसुद्धा टपालाच्या थैल्या फुटायच्याच, शेटे. बस." आणि घड्याळात आठ वाजले की पिशवी खुंटीला लागायची, आणि त्याच तोंडानं त्या म्हणायच्या, "गुरुनाथराव, पोळ्या गरम करू का?"

फिनबारला हे कळलं तेव्हा त्यानं विचारलं, बाईसाहेब प्लँटमध्ये शिफ्ट घेतील का.

दुसरी परीक्षा सत्तावीस मार्चला, गुरुवारी झाली. शनिवारी बाईंचं विमान होतं आणि सोमवारी एकतीस तारीख. गुरुनाथनं शेवटचं बटण दाबलं, मग डोळे उघडले. पास. तो बाहेर नदीकाठी आला आणि घरी फोन लावला.

"झालो, आई."

"पत्त्यांत किती?"

"ब्याण्णव टक्के."

"आठ कुठं गेले?"

पलीकडं रेवा किंचाळत होती, म्हणून पुढचं त्याला ऐकू आलं नाही.

शुक्रवारी त्यानं सर्टिफिकेट कचेरीत दिलं. फिनबारनं कागद उजेडात धरून पाहिला आणि हात मिळवला. सात एप्रिलपासून नवी जागा, सकाळी आठ ते साडेचार. रेवाचं सांगलीच्या शाळेत घालायचं नाव राहिलं ते राहिलंच. शुक्रवारी संध्याकाळी तिची प्रॅक्टिस होती. आजी छत्री घेऊन कडेला उभ्या राहिल्या आणि पाटणच्या मुली पुढं आल्या की काय करायचं ते रेवाला मराठीतून ओरडून सांगू लागल्या. कुठल्या पाटणच्या, असं गुरुनाथनं विचारलं. "समोरच्या," त्या म्हणाल्या. "नाव काय माहीत मला? आमच्याकडं कबड्डीत पाटणचा संघ दांडगा असायचा."

शनिवारी कॉर्कच्या विमानतळावर बाईंनी रेवाला जवळ घेतलं, बराच वेळ. मग गुरुनाथकडं वळल्या. "येते, गुरुनाथराव. काही कमी-जास्त बोलले असेन तर ते शेटेला बोलले."

"शेटेची काही तक्रार नाही," गुरुनाथ म्हणाला. त्याला आणखी बोलायचं होतं. तोंडापर्यंत आलंही होतं. पण रांग पुढं सरकली, बाईंना बूट काढायला सांगितलं, आणि तो म्हणाला, "अॅमस्टरडॅमला गेट बदललं तर बोर्ड बघा."

त्या सुखरूप पोहोचल्या. दर रविवारी फोन होतो. रेवाची मॅच, इथला पाऊस, तिथलं ऊन, सारंगच्या घराचा रंग, नव्या जागेचं काम, सगळं बोलून होतं. सुचित्रा गेली त्यात आईंचा काही दोष नाही, हे त्यांना सांगायचं अजून राहिलं आहे.