प्रतिमाची धाव

चिखलीबाहेरच्या रस्त्यावर सरस्वतीबाई धाप टाकत थांबल्या, तशी त्यांच्यामागे दोन पावलांवर सूनही थांबली. प्रतिमा थांबली याचं नवल नव्हतं. नवल हे की तिला धापच लागली नव्हती.

मॅरेथॉन घरात आणली ती नातीनं, अपेक्षानं. अंतर पाचच किलोमीटर, पण चिखलीत सगळे तिला मॅरेथॉनच म्हणत होते. आजी, आई, लेक तिघी पळाल्या की फोटो झकास येतो, असं तिचं म्हणणं. अमडापूरच्या मळ्यात वाकून वांगी तोडण्यात जन्म गेलेल्या सरस्वतीबाईंना नुसतं ताठ चालायला मिळणं हीच चैन वाटली. लुगड्यावर शर्यतीत सगळ्यांना वाटलेला केशरी टीशर्ट चढवून त्या निघाल्या. प्रतिमानं साडीखाली बूट घातले. शिट्टी वाजली आणि अपेक्षा जी पसार झाली ती झालीच.

तेवढ्यात प्रतिमाच्या माहेरची सुवर्णा पळत जवळून गेली. जाताजाता म्हणाली, "काय वं प्रतिमे, शायेत तर कोणाच्या हाती लागत नव्हती. आता सासूचं शेपूट झाली का?"

सरस्वतीबाईंनी खोदून विचारलं. शाळेत असताना प्रतिमा धावण्यात जिल्ह्यात पहिली आली होती म्हणे. मग लग्न ठरलं, बूट धाकट्या बहिणीला गेले. त्यात सांगण्यासारखं काय, म्हणून ती पदर सावरू लागली.

"मंग आज पय ना. काऊन थांबून राह्यली?"

"तुमच्या पुढं कशी जाऊ, आत्याबाई?"

लग्नानंतर देवाला जाताना हे सरस्वतीबाईंनीच बजावलं होतं: सासूच्या पुढं चालायचं नाही. त्यांना त्यांच्या सासूनं दिलेलं, त्यांनी पुढे दिलं, वाटीतल्या विरजणासारखं.

त्यांनी मोकळीक दिली. प्रतिमा चार पावलं गेली आणि मंदावली. दटावलं, तरी तेच. मन तयार होतं, पाय ऐकत नव्हते.

शेवटी सरस्वतीबाईच गर्रकन वळल्या आणि आल्या वाटेकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

"पाह्य, माहं तोंड आता इकडं हाये. मी परत चालली समज. तू माह्या पुढं नाही अन् मांगंबी नाही. आता जाय. मांगं वयून पाह्यलं तर खरंच घरी जाईन."

काही वेळ मागे काहीच हललं नाही. मग बूट वाजले. आधी चाचरत, मग सलग, मग असे की ऐकणाऱ्याचाच ऊर भरून यावा. मान वळवून पाहायची फार इच्छा झाली. पण सुनेनं मागं पाहिलं आणि नजरानजर झाली, तर ती थांबणार. मागून येणाऱ्या पोरी त्यांना उलटं उभं पाहून हसत होत्या. त्या मात्र आवाज पार विरेपर्यंत तशाच राहिल्या.

मग वळल्या. दूर वळणावर केशरी ठिपके होते; त्यातली प्रतिमा कोणती, ते कळेना. मागे कोणाचं पाऊल नाही अशी वाट त्या कित्येक वर्षांत चालल्या नव्हत्या. थोडा वेळ कडेकडेनं चालल्या. मग रस्त्याच्या मधोमध आल्या.