पाम्फिलसच्या नावाची पट्टी

मी एक जुनी हाडाची पट्टी आहे, करंगळीएवढी आणि चार बाजूंची. माझा जन्म इसवी सनापूर्वी चौऱ्याहत्तर साली पुतेओली बंदरात, ओप्पियस सावकाराच्या पेढीवर झाला. मित्रांनो, तेव्हा आमचा मान मोठा होता. नाणी पारखून पिशवी बांधली की तिच्या तोंडाशी आम्हाला लटकवत. एका बाजूला पारखणाऱ्या गुलामाचं नाव, दुसरीवर मालकाचं, तिसरीवर ‘पारखलं’ एवढाच शब्द आणि चौथीवर साल. मग ती पिशवी न उघडता या हातातून त्या हातात जाई.

माझ्यावर पाम्फिलसचं नाव होतं. नाणं दगडावर टाकलं की नुसत्या आवाजावरून तो आतलं तांबं ओळखत असे. गाठीला पैसे जमवून द्राक्षांच्या हंगामात तो स्वतःला मालकाकडून सोडवून घेणार होता.

त्या वर्षी दातेरी कडांची चांदीची नाणी फार चालत. खाचेत चांदी दिसते, म्हणजे नाणं खरं, असा सगळ्यांचा समज होता. पाम्फिलसनेही ती न वाजवताच पिशवीत घातली. हजार नाण्यांची ती पिशवी तेलाची व्यापारीण वेत्तिया घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी पेढीवर उरलेल्या तसल्याच एका नाण्याच्या खाचेतली चांदी झिजून आत तांबडं दिसलं. कुणीतरी आधी खाचा पाडून वर चांदी चढवली होती.

पाम्फिलस धावत धक्क्यावर आला. मागोमाग धापा टाकत ओप्पियस आला.

“अरे, पिशवी सिसिलीला चाललीय. तिथे कोण उघडून बघतंय?” तो कुजबुजला. “आणि भरपाई कोण करणार, तू?”

“करतो, धनी. नाव माझं आहे.”

“नावसुद्धा मीच ठेवलंय तुझं.”

“ठेवलंत तुम्ही. पण लोक पैसे घेतात ते माझ्या भरवशावर.”

वेत्तियाने सगळं ऐकलं होतं. “सोड रे पिशवीची दोरी,” ती पाम्फिलसला म्हणाली. “जहाज थांबेल. तुमचं भांडण काही थांबायचं नाही.”

पाम्फिलसने हजारच्या हजार नाणी वाजवली. एकेचाळीस खोटी निघाली. ती त्याने आपल्या गाठीच्या पैशांनी भरून दिली. दोन वर्षांची बचत गेली आणि द्राक्षांचा हंगाम तसाच निघून गेला. नव्या पिशवीला नवी पट्टी लागली. मला वेत्तियाने उचलून घेतलं. ओप्पियसला ती एवढंच म्हणाली, “यापुढे माझा पैसा हाच पारखेल.”

तिचं बघून बंदरातले इतर व्यापारीही आले. ओप्पियस श्रीमंत झाला आणि म्हातारपणी, धक्क्यावर आधी आपणच धावलो, असं सांगू लागला. वेत्तियाने मला मरेपर्यंत किल्ल्यांच्या जुडग्यात बाळगलं. तिच्या मुलीने मात्र अडगळीत टाकलं. पाम्फिलस मात्र त्या दिवसानंतर तीनच वर्षांनी स्वतंत्र झाला होता आणि त्याने त्याच बंदरात स्वतःची पेढी घातली होती.

मित्रांनो, माझ्या तीन बाजूंची अक्षरं आता पुसली आहेत. मला हातात घ्याल तेव्हा उरलेली बाजू घासू नका. तिथे अजून त्याचं नाव वाचता येतं.